जुनी जीप तापते? आधी कधी तापते ते बघा

कोकणात जुन्या फोर बाय फोर गाड्यांना तोटा नाही. एमएम ५४०, मेजर, कमांडर, जिप्सी, पहिल्या काळातली बोलेरो. आयुष्यभर आंब्याच्या पेट्या नि जांभ्याचे चिरे वाहून झाले, आता मालक त्यांना सुट्टीच्या दिवशी सड्यावर आणि पाणंदीत फिरवतो. या सगळ्यांचं एक दुखणं ठरलेलं: घाट लागला की काटा वर. त्यावरचे उपचारही ठरलेले. आधी कूलंट बदला, मग थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक गरम झालं की रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) काढून टाका, मग नवी वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, मग रेडिएटर, आणि काहीच नाही जमलं तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उतरवा. खिसा रिकामा होतो आणि गाडी तापतच राहते, कारण ती नेमकी कधी तापते हे कुणी विचारलेलंच नसतं.

हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो. पण त्याआधी, गाडी आत्ता रस्त्यातच तापली असेल तर काय करायचं ते.

घाटात काटा वर गेला तर

एसी असेल तर बंद. हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण हीटरची कोअर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी, हाही एक छोटा रेडिएटरच आहे, त्यातून बरीच उष्णता निघून जाते. जागा बघून गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन लगेच बंद करू नका. रेस किंचित वर ठेवून दोन-तीन मिनिटं चालू द्या, म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतील. एकदम बंद केलं की हेडभोवतीचं पाणी जागच्या जागी उकळतं.

याला दोन अपवाद. चार्जिंगचा लाल दिवा लागला असेल तर बहुधा बेल्ट तुटला आहे, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच बेल्टवर पंपही फिरतो. किंवा पाणी धो धो खाली पडतंय, बॉनेटमधून वाफा येताहेत. या दोन्ही वेळी चावी तिथल्या तिथे बंद करायची. पाण्याशिवाय चालवलेला प्रत्येक मिनिट हेडच्या मुळावर येतो.

रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही, फडकं गुंडाळूनसुद्धा नाही. ०.९ बारची कॅप असेल तर आतलं साधं पाणी जवळपास ११९ अंशांपर्यंत न उकळता राहतं. कॅप सैल केली की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी वरची रबरी नळी, फडक्याने दाबून बघा. तो मऊ लागला आणि हाताला सोसवला तरच कॅपला हात लावा. मग इंजिन चालू करून, मंद रेसवर, थोडं थोडं पाणी घाला. वहाळातलं गार पाणी तापलेल्या इंजिनात भसकन ओतलं तर हेडला नाहीतर ब्लॉकला चीर जाऊ शकते. बॉनेट उघडून बाहेरून बादली मारणंही त्यातलंच.

अडचणीत वहाळाचं पाणी फडक्यातून गाळून घातलं तरी चालेल, नंतर सगळं काढून धुवायचं. खाडीचं किंवा समुद्राचं पाणी मात्र कधीच नाही. मिठामुळे आतला गंज इतका वेगाने वाढतो की घरी पोचल्याचं समाधान फार दिवस टिकत नाही.

काटा खरं बोलतोय का?

जुन्या गाडीत मीटर, सेन्सर आणि अर्थिंग या तिघांवरही आंधळा विश्वास ठेवू नका. खाऱ्या हवेत अर्थिंगच्या टोकांवर गंज चढतो आणि काटा मनाला येईल तसा नाचतो. हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलला तर दोष बहुधा वायरिंगचा. उलटही घडतं: पाणी इतकं कमी होतं की सेन्सर कोरडा पडतो, काटा खाली येतो आणि आपण निर्धास्त होतो. तापलेली गाडी अचानक ‘थंड’ दाखवायला लागली तर आधी घाबरा.

हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. गाडी गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या होजच्या तोंडाशी नेम धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर आकडा कमी दिसतो, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असेल आणि काटा लाल पट्टीत असेल, तर इंजिन ठीक आहे, मीटर दुरुस्त करा.

आता मूळ प्रश्न: कधी?

एक वही घ्या आणि तापलं त्या वेळची स्थिती लिहा. वेग, गिअर, चढ की सपाट, किती माणसं, दुपार की सकाळ, सुरू केल्यापासून किती वेळाने. यातूनच दिशा मिळते.

बाजारपेठेत किंवा फोर लोमध्ये (फोर बाय फोरच्या सर्वात हळू, जोराच्या गिअरमध्ये) हळू चालताना तापते, पण हायवेला लागलं की काटा खाली येतो? मग हवेची गडबड. पंखा, पंख्याचा क्लच, श्राउड (पंख्याभोवतीचं कडं, ज्यामुळे हवा सगळ्या रेडिएटरातून ओढली जाते), जाळीत अडकलेला कचरा. उलट, गावात ठीक आणि हायवेला वेगात तापत असेल तर पाणी फिरत नाही: रेडिएटर आतून चोंदलाय किंवा खालचा होज आत ओढला जातोय. फक्त घाटातच तापते, तर रेडिएटर अर्धामुर्धा मेला आहे. सपाटीला पुरतो, चढाला पुरत नाही. थंड गाडी सुरू करून थोड्याच वेळात काटा झपकन वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा राहिलीय किंवा हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट गेलीय.

कोकणातून वर जाणाऱ्या घाटांची एक गंमत आहे. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो आणि आपण कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली चढताना साधारण पूर्वेला जात असतो. म्हणजे वारा पाठीमागून. वीसच्या वेगाने चढणाऱ्या गाडीला समोरून हवा जवळजवळ मिळतच नाही, सगळा भार एकट्या पंख्यावर. तीच गाडी त्याच घाटात सकाळी तापत नाही म्हणून ‘कधी तापते, कधी नाही’ असं वाटतं. तशी नोंद असेल तर आधी पंखा आणि श्राउड बघा.

थंड इंजिनवर, पैसे न लागणारी तपासणी

सकाळी गाडी पूर्ण गार असताना कॅप काढा. पाण्याचा रंग बघा: तांबूस गढूळ म्हणजे आत गंज, वर तेलाचे तवंग म्हणजे पुढचा गॅस्केटचा भाग नीट वाचा. कॅपचं रबर कडक झालंय का, स्प्रिंग दाबली जाते का, मधला छोटा व्हॉल्व्ह हलतो का ते तपासा. कॅप ही या सगळ्या यंत्रणेतली सर्वात स्वस्त वस्तू. शंका असेल तर बदला, पण त्याच दाबाची. जास्त दाबाची घातली तर जुन्या रेडिएटरचे जोड सुटतात.

ज्या जुन्या जीपना ओव्हरफ्लो बाटली नसते, त्यांचे मालक रोज काठोकाठ पाणी भरतात आणि रोज ‘गाडी पाणी खाते’ म्हणतात. पाणी गरम होऊन फुगणार, जागा नसली की नळीतून बाहेर पडणार. अशा गाडीत पातळी गळ्यापासून दोन-तीन सेंटीमीटर खालीच ठेवायची. तिथे ती स्थिर राहिली तर गाडी पाणी खात नाही.

बेल्ट सर्वात लांब मोकळ्या भागात अंगठ्याने दाबा. दहा-बारा मिलिमीटर दबला की ताण बरोबर. आतल्या बाजूने चिरा किंवा चकाकी दिसली तर बदला, आणि जुना पण धड असलेला बेल्ट सीटखाली ठेवा. वॉटर बॉडीच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. तिथून पाण्याचे ओघळ किंवा वाळलेला क्षार दिसला तर आतलं सील गेलंय. पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खेळ असेल तर बेअरिंग संपलंय.

पंखा कधी उतरवला होता का हेही विचारा. उलटा बसवलेला पंखाही फिरतो, हवाही ओढतो, पण फारच थोडी. पात्याची फुगीर बाजू रेडिएटरकडे आहे ना ते बघून घ्या. आणि श्राउड? कित्येक जुन्या जीपमध्ये तो कधीच भंगारात गेलेला असतो, कारण बेल्ट बदलताना मध्ये येतो. श्राउड नसला की पंखा रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो, चारही कोपरे फुकट जातात. पत्र्याचा नवा करून घ्या, पात्यांच्या टोकांभोवती इंचभरच फट ठेवून. समोर लावलेले जाडजूड फॉग लॅम्प, विंच, मोठी नंबरप्लेट यांनी किती जाळी झाकली आहे तेही पाहा.

रेडिएटर: इकडचा खरा आजार

देशावरच्या मेकॅनिकला न दिसणारी गोष्ट इथे असते. समुद्राजवळच्या गाडीचा रेडिएटर समोरून छान काळा दिसतो, गळत नाही, आतूनही मोकळा असतो, आणि तरीही उष्णता टाकत नाही. कारण नळ्यांमधल्या तांब्याच्या पातळ पत्र्या खाऱ्या हवेने सडलेल्या असतात. तपासायची रीत साधी: इंजिनाच्या बाजूने, खालच्या भागात, पत्र्यांवर हलकेच नख फिरवा. हिरवट चुरा होऊन पडला तर त्या पत्र्यांचा नळीशी जोडच राहिलेला नाही. पाणी नळीतून गरम येतं, गरमच जातं. अशा रेडिएटरला कितीही धुवा, उपयोग नाही. कोअर बदलावी लागते.

दुसरं, कचरा. पावसाळ्यानंतर सड्यावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं जाळीत जाऊन बसतात. त्यावर लाल चिखल, त्यावर तेलाचा ओशटपणा. वाळल्यावर हे थर दगडासारखे होतात. सर्व्हिसिंगला समोरून जोराचा फवारा मारला की तो थर आणखी आत जातो आणि पत्र्या वाकतात, त्या वेगळ्याच. बरोबर पद्धत: श्राउड काढा, साबणाच्या पाण्याने भिजवून तासभर ठेवा, आणि साध्या नळीने इंजिनाच्या बाजूकडून समोर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने धुवा. समोर एसीचा कंडेन्सर असेल तर दोघांच्या मधली फट टॉर्च लावून बघा. बहुतेक कुसळं तिथेच असतात.

तिसरं, आतून चोंदणं. घाट चढून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर सगळीकडे फिरवा. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटर उतरवलाच असेल तर खालचं तोंड तळहाताने बंद करून पाण्याने भरा आणि हात काढा. पाणी भरभरून एका दमात पडलं पाहिजे. रेंगाळलं तर चोंदलाय.

सौम्य क्षार असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, कामाला येतं. तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख होतात, तसंच हे आंबट रसायन, पण म्हणून कुणी रेडिएटरात आमसुलं घालू नयेत; सालपटं नळ्यांत जाऊन बसतील. लिटरला २५-३० ग्रॅम, कूलंट पूर्ण काढून साध्या पाण्यात. गाडी गरम होऊन थर्मोस्टॅट उघडल्यावर अर्धा तास मंद चालवा, गार झाल्यावर काढा आणि स्वच्छ पाण्याने निदान तीनदा धुवा. रात्रभर आत ठेवू नका. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर लिंबूफूल मुळीच घालू नका. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेनचा बोल्टही उघडा. उघडल्यावर काहीच आलं नाही तर तो रिकामा नाही, गाळाने बुजलाय, तारेने टोचा. बरीच मंडळी फक्त रेडिएटर धुतात आणि ब्लॉकमधला गाळ आठवड्याभरात परत नव्या कोअरमध्ये येतो.

तांबं-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळी घालून साफ करून देतो, डाख लावून जोडही मारतो. कोअर बदलायची ठरली तर देण्याआधी नळ्यांच्या किती ओळी आहेत ते मोजा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चार ओळींच्या जागी तीन ओळींची कोअर बाहेरून तशीच दिसते, घाटात तशी वागत नाही. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक टाक्यांचा रेडिएटर असेल तर दुरुस्तीच्या फंदात फारसं पडू नका.

गळती थांबवायला हळद घालायचा ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा आहे. तो चालतो, घरी पोचण्यापुरता. पण हळद भोक बघून बसत नाही, बारीक नळ्यांतही बसते. घातलीत तर आठवड्याच्या आत सगळं धुऊन काढा. टाकीला चीर असेल तर एम-सील जास्त प्रामाणिक.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

‘आपल्याकडे गरमीच एवढी, थर्मोस्टॅट कशाला हवा?’ हे वाक्य प्रत्येक नाक्यावर ऐकू येतं. काढल्यावर सपाटीला काटा खाली राहतो, म्हणून पटतंही. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी बायपासचा, म्हणजे पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात नेणारा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं, आणि नेमकं घाटात, जिथे सगळं पाणी रेडिएटरातून जायला हवं, तिथे गाडी जास्त तापते. शिवाय डिझेल इंजिन गार चाललं की धूर, जास्त डिझेल आणि बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीची झीज.

तपासायला स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं पुरतं. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्यावर आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८. त्या सुमारास हलायला लागला आणि उकळीच्या आधी पूर्ण उघडला तर ठीक. नवा घेतलात तरी बसवण्याआधी हीच परीक्षा घ्या. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे.

होज आणि वॉटर बॉडी

खालच्या होजमध्ये पंप पाणी ओढतो. होज मऊ पडला असेल आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर रेस वाढवल्यावर तो चपटा होतो आणि पाणी अडतं. एकाने रेस द्यावी, दुसऱ्याने बघावं. पंचा, ओढणी, लुंगी पंख्यापासून लांब.

वॉटर बॉडी गळत नाही म्हणजे चांगली, असं नाही. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत आतल्या पंख्याची पाती गंजून छोटी होतात. बाहेरून काही कळत नाही. बाकी सगळं ठीक असून वेगात तापत असेल तर उतरवून बघाच.

गॅस्केटचा संशय

इथे घाई नको, कारण हेड उतरवणं महागात जातं. पावसाळ्यात कोकणात सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतेच, आणि जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली दुधाळ साय जमतेच. दमट हवेचं ते पाणी आहे. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

खात्रीची लक्षणं अशी: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज टणक होतो, कॅप काढून सुरू केल्यावर पाण्यात न थांबणारे बुडबुडे येतात आणि रेस दिली की वाढतात, बाहेर कुठेही गळत नसताना पाणी कमी होतं. रेडिएटरच्या तोंडावर लावायचं निळं रसायन मिळतं, इंजिनातला वायू आला की ते पिवळं पडतं. डिझेलमध्ये रंग हळू बदलतो, थोडा वेळ द्या.

हेड उतरवलंच तर नुसती गॅस्केट बदलून परत बसवू नका. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. मर्यादा गाडीच्या पुस्तकातली, सर्वसाधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. जास्त असेल तर फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून घ्या आणि चिरेसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या. बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळायचे. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे पाना द्या.

थंड करणारी यंत्रणा ठीक, तरी तापते

मग उष्णता जास्त तयार होतेय. पाण्यातून गेल्यावर ब्रेक गंजून चिकटतात. फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं जास्त गरम असेल तर तिथलाच ब्रेक. घसरणारा क्लच, पेट्रोलमध्ये मागे गेलेलं टायमिंग, म्हणजे उशिरा पडणारी ठिणगी, डिझेलमध्ये जास्त डिझेल सोडणारा डिझेल पंप हेही तपासा. आणि गिअर. तिसऱ्यात हुंदके देत घाट चढवू नका. दुसऱ्यात टाका, रेस वाढली की पंखा आणि पंपही जोरात फिरतात.

भरताना

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. ते घालू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. इथे गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा हिशेब चुकीचा. त्यातली गंजरोधक द्रव्यं आपल्याला हवी आहेत, आणि ती दोनेक वर्षांत संपतात. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका.

हवा काढण्यासाठी गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा; अंगणाकडे येणारी घाटीसुद्धा पुरते. कॅप काढून, हीटर गरमवर ठेवून मंद चालवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन खाली जाते, तेव्हा भरा. वरचा होज मधूनमधून दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

काढलेलं जुनं कूलंट परसात ओतू नका. चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-गुरं चाटतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

दुरुस्तीनंतरची चाचणी दुपारीच घ्या, माणसं भरून, नेहमीच्या घाटात, थर्मामीटर सोबत. सीटखाली पाच लिटर पाणी, जुना बेल्ट, दोन होज क्लिपा, एम-सील आणि जाड फडकं. माथ्यावर पोचल्यावर वरच्या आणि खालच्या होजचं तापमान मोजून वहीत लिहा; पुढच्या उन्हाळ्यात तुलना करायला तोच आकडा लागेल.